एकशे त्रेसष्ट सेंटिमीटर

पळसदेव
रविवार, ता. ८ फेब्रुवारी १९९८

चि. भीमा,

झुंबर सरांचे आशीर्वाद. इकडे मी आणि आई बरे आहोत. तू, बनाबाई आणि छकुली बारामतीत नीट असाल असं धरून चालतो.

तुझा पत्ता सूरजनं दिला. तुमच्याच बॅचचा सूरज, जो हवालदाराच्या हाताखाली लिहायचं काम करतो. कामानिमित्त तो बारामतीला आला होता. तिथं त्यानं तुला एका गोदामाच्या फाटकाशी स्टुलावर बसलेलं पाहिलं. हाक का मारली नाहीस असं विचारलं, तर म्हणाला, मारवली नाही.

गावाकडचं म्हणशील तर धरणाचं पाणी अजून फारसं मागं गेलेलं नाही, जुनं देऊळ बुडालेलंच आहे. ऊस बहुतेकांचा गेला. शाळेत आठवीच्या दोन तुकड्या झाल्या. सकाळच्या भरतीच्या सरावाला यंदा अकराच पोरं येतात. उंची मोजायचं काम मी सोडलं आहे. व्हरांड्याच्या भिंतीवरची सेंटिमीटरची पट्टी चुना मारून पुसून टाकली. पोरं आता बाजारातून टेप आणतात आणि एकमेकांना मोजतात. गावात कुणाची उंची विचारली तर अजून साडेपाच फूट, पावणेसहा फूट असंच सांगतात, नाहीतर आप्पापेक्षा बोटभर जास्त म्हणतात. लग्नाच्या कागदावर फूट आणि इंच, भरतीच्या फॉर्मवर सेंटिमीटर. तुमच्या बॅचनं ते सेंटिमीटर इतकं मनावर घेतलं होतं की तुम्ही एकमेकांना आकड्यानंच हाका मारायचात. सूरजला एकशे एकोणसत्तर म्हणायचात. रणजितला एकशे अठ्ठ्याहत्तर. तुलाही तसा एक होता.

रणजित शेजारच्या जिल्ह्यात आहे. पोलीस लायनीत खोली मिळाली. त्याच्यासाठी मुली बघतो आहोत. माझा धाकटा भाऊ असून सांगतो, स्वभाव काही निवला नाही. दिवाळीनंतर एका भाजीवाल्याचा हात पिरगाळून मोडला, वरिष्ठांनी मिटवून टाकलं. आईला हे सांगितलेलं नाही.

पाय आता कसा आहे? जुन्या दुखण्याला थंडी बाधते, शेकत जा.

शाळेत जूनपासून शिपायाची एक जागा निघेल. संस्थेत माझा शब्द चालतो. तू हो म्हणालास तर मी बोलतो. गाव काय म्हणेल ते माझ्यावर सोड. कोर्टानं तुला सोडलं आहे, हे लोकांना समजावून सांगता येईल.

एकदा येऊन जा. नाहीतर मीच येतो. बोलायचं आहे.

तुझा,
झुंबर सर

•

बारामती
ता. १९ फेब्रुवारी १९९८

झुंबर सर,

पत्र मिळालं. ह्यांनी वाचलं, घडी केली आन माज्या हातात दिलं. दोन दिस जेवलं न्हाईत. म्हणून मी लिवते. माजी शाळा चौथीपतुर झालीया, चुका आसतील.

पायाचं इचारलं म्हणून सांगते. डावा पाय चार सेंटिमीटर आखूड हाय असं डाक्टरनी कागदावर लिवून दिलंय. बुटाला तेवढी लाकडाची टाच ठोकून घेतलीया. बूट काढला की मानूस एका अंगाला जातंय. न्हाताना मला धरावं लागतं. छकुली शाळंत शिकून आल्यापसनं भितीवर खडूनं आपली उंची लावती. बापाला म्हणती, तुमीबी ऱ्हावा. ह्ये ऱ्हात न्हाईत. तिला वाटतं, रागावलं.

शिपायाची जागा आमाला नगं. तुमी येऊ बी नगा.

मला एकच इचारायचंय. तानूबाई म्हातारीनं पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं की बापूसायबास्नी मारून पळणारा मानूस उंच व्हता. तुमी शिकल्यालं. तुमी आकडा सांगितला. ह्यांचाच आकडा का सांगितला? त्याचं उत्तर द्यायचं आसंल तर लिवा. न्हायतर पुन्हा कार्डबी टाकू नगा.

बना

•

पळसदेव
ता. ११ मार्च १९९८

भीमा आणि बनाबाई,

उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मोडलं आहे, पट्टीत बांधलं आहे. उरलेल्या बोटांत पेन धरून तीन दिवस थोडं थोडं लिहितो आहे. अक्षराकडं बघू नका.

बनाबाईनं एकच विचारलं आहे. त्याचं उत्तर दोन ओळींत देता येतं, पण मी सगळं पहिल्यापासून लिहिणार आहे. यातलं बरंच तुम्हाला माहीत आहे. तरी माझ्या हातानं लिहिलेलं असावं, कारण याची एक नक्कल इंदापूरच्या वकिलाकडं जाणार आहे.

२० मे १९९६. सोमवार होता. शाळेला सुट्टी होती. पाणी खूप मागं गेलं होतं, देवळाच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. गाळाचं सपाट मैदान बघून मी पोरांसाठी पळायची पट्टी आखायला गेलो होतो. बरोबर टेप आणि चुन्याची पाटी होती. सहा वाजले असतील, ऊन होतं. दोनशे पावलांवर बापूसाहेबांचं पाणी उपसायचं इंजिन होतं. तिथं बापूसाहेब आणि रणजित उभे होते.

भांडण उघड्या पडलेल्या जमिनीचं होतं. बापूसाहेबांनी गाळात मका पेरला होता आणि आमचा पाइप त्या मक्यातून जात होता. दुपारी बापूसाहेबांनी कुऱ्हाडीनं पाइप तीन ठिकाणी तोडला होता. रणजित त्याचा जाब विचारायला गेला होता. मला शब्द नीट ऐकू आले नाहीत, आवाज ऐकू येत होते. बापूसाहेबांनी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागं लोटलं. रणजितनं इंजिनजवळ पडलेली टॉमीची लोखंडी कांब उचलली. पहिला घाव त्यांनी हातावर झेलला. घावाचा आवाज माझ्यापर्यंत आला. ते गुडघ्यावर बसले, तेव्हा दुसरा घाव डोक्यात बसला. ते पालथे पडल्यावर त्यानं आणखी दोन मारले. ते दोन मारायची काही गरज नव्हती. मी तिथं उभा होतो. माझ्या गळ्यात शिट्टी होती. मी शिट्टी वाजवली नाही, ओरडलोही नाही.

चेहरा दिसला नाही, असं मी कोर्टात शपथेवर सांगितलं. भावाला ओळखायला मला चेहरा लागत नाही. वडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता, मी त्याला वाढवला आहे. त्याच्या पळण्यात डावा खांदा खाली जातो, ते मीच कधी सुधारू शकलो नाही. तो वेड्या बाभळींकडं पळाला, तिथल्या आडव्या फांदीखाली वाकला आणि दिसेनासा झाला. पलीकडच्या बांधावर तानूबाई गवत कापत होती. तिनंही तेवढंच पाहिलं, पाठमोरा माणूस आणि त्याचं वाकणं.

मी पळत बापूसाहेबांपाशी गेलो. त्यांना उताणं केलं. डोक्याची डावी बाजू आत गेली होती आणि त्या बाजूचा डोळा बाहेर आला होता. गाळात रक्त मुरत नव्हतं, वर साचून राहिलं होतं. त्यांनी माझ्या शर्टाला धरलं. त्यांना शुद्ध होती. ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या रणज्यानं..."

हे त्यांचे शब्द. मी ते कुणाला सांगितले नाहीत. फौजदारांना नाही, कोर्टाला नाही, त्यांच्या बायकोला नाही. ट्रॅक्टरवर घालून त्यांना भिगवणकडं नेलं, डाळजच्या पुढं ते गेले. डोकं माझ्याच मांडीवर होतं.

घरी आलो तर आई मोरीत रणजितचा शर्ट धूत होती. रणजित पाटावर बसून भाकरी खात होता. खिशात पोलीस भरतीचं पत्र होतं, दोन जूनला ट्रेनिंगला हजर व्हायचं होतं. आईनं वर न बघता सांगितलं, "बापूसाहेब काय आता माघारी येत न्हाय. ह्याला घालवू नगंस." मी कपडे बदलले. माझ्याही शर्टावर रक्त होतं, तोही आईनं पाण्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर जबाब झाले. फौजदार खुर्चीवर, सूरज खाली बसून लिहीत होता. बापूसाहेबांचे दोन पुतणे दारात उभे होते आणि बाहेर अर्धं गाव. पहिली तानूबाई. तिनं सांगितलं, माणूस उंच होता. फौजदारांनी विचारलं, किती फूट? ती म्हणाली, फूट मला कळत नाही, पर बाभळीच्या फांदीला डोकं लागंल म्हणून वाकला. फौजदार सूरजला म्हणाले की फॉर्मवर सेंटिमीटर लिहायचे असतात, फांद्या नाहीत. लोक हसले. म्हातारी ओशाळली आणि पदर तोंडाला लावून बाजूला झाली.

मग मला पुढं बोलावलं. फौजदारांना कुणीतरी सांगितलं होतं की तालुक्यातली निम्मी पोरं या मास्तरांनी मोजली आहेत, नजरेनं उंची सांगतात आणि टेप लावला तर अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडत नाही. ते खरंच होतं. मला त्याचा गर्व होता. त्यांनी विचारलं, मास्तर, तुम्ही सांगा, किती असेल?

मी म्हणालो, "एकशे त्रेसष्ट."

सूरजचं पेन थांबलं. तो एकशे त्रेसष्ट हा आकडा लिहिण्याआधी माझ्याकडं बघत राहिला. त्या आकड्याला आमच्यात नाव होतं, हे तिथं दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला. तो हळूच म्हणाला, "सर, नक्की?"

"नक्की."

त्यानं लिहिलं.

बनाबाई, आता तुझं उत्तर. चावडीवरून आल्यापासून पावणेदोन वर्षं मी स्वतःला सांगत होतो की माझी जीभ घसरली. खोटा आकडा हवा होता आणि जो आकडा तोंडात बसला होता तोच बाहेर पडला. भीमाइतक्या वेळा मी कुणालाच मोजलं नाही. पोलिसात एकशे पासष्ट लागतात आणि त्याला दोन कमी पडत होते. वर्षभर त्याला बारला लटकवला. माणूस सकाळी झोपून उठल्यावर सेंटिमीटरभर उंच असतो, म्हणून भरतीच्या दिवशी त्याला इथून पुण्यापर्यंत टेम्पोत गादीवर आडवा नेला. मी उशाशी बसलो होतो, त्याला उठून बसू दिलं नाही. यवतच्या पुढं त्याला लघवी लागली तर बाटली दिली. मैदानावर दोन पोरांनी उचलून रांगेत उभा केला आणि मोजला तर एकशे चौसष्ट. परत येताना तो टेम्पोत बसूनच आला, आणि मला म्हणाला, सर, पुढच्या वर्षी होईल. अशा पोराचा आकडा तोंडात येणारच, असं मी मनाला समजावलं.

ते खोटं आहे. जीभ घसरली नाही. आदल्या रात्री अंथरुणावर मी ठरवलं होतं.

खुनाच्या आठवडाभर आधी भीमाची मेंढरं बापूसाहेबांच्या मक्यात गेली होती. बापूसाहेबांनी त्याला चावडीपुढं काठीनं मारलं होतं, आणि भीमा चारचौघांत म्हणाला होता की बघून घेईन. म्हणजे कारण तयार होतं. दुसरं, मला वाटलं की भीमानं काही केलेलं नाही, तेव्हा चार दिवस बसवून ठेवतील, विचारतील आणि सोडतील, तोवर रणजित ट्रेनिंगला जाईल. एवढंच हवं होतं, बारा दिवस. तिसरं कारण लिहायला तीन दिवस लागले. आमच्या बॅचमध्ये एकशे पासष्टच्या खालचे आणखी दोघे होते. एकाचा चुलता कारखान्याचा संचालक होता. दुसऱ्याचे वडील सोसायटीचे चेअरमन. भीमा, तुझ्यामागं कुणी नव्हतं. बाप मेंढरांमागं गेलेला, घर गावाबाहेर, भावकी पांगलेली. तुझ्यासाठी चावडीवर येऊन कुणी भांडणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून तू.

हे तुझं उत्तर आहे, बनाबाई.

एक गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. बापूसाहेबांचे पुतणे दारात उभे होते. फौजदारांनी सूरजला विचारलं की या उंचीचं कुणी बापूसाहेबांशी भांडलेलं आहे का. सूरज खाली बघून कागद जुळवत राहिला, पण बाहेरून कुणीतरी भीमाचं नाव घेतलं. जीप सुरू व्हायच्या आत पुतणे मोटारसायकलवर निघाले होते. मी सायकलवर मागं आलो.

तुम्हाला ते सांगायची गरज नाही. वकिलासाठी लिहितो. मी पोचलो तेव्हा पाच जण होते. भीमाला वाड्यातून, मेंढरांच्या काट्याच्या कुंपणातून ओढून बाहेर काढलं होतं, पाठ आणि तोंड काट्यांनी फाटलं होतं. मेंढरं कुंपण मोडून सैरावैरा पळत होती. दोघांनी त्याचे हात धरले होते. एक छातीवर बसला होता. त्यांनी त्याचा डावा पाय पाण्याच्या दगडी डोणीच्या कडेवर आडवा ठेवला आणि थोरल्या पुतण्यानं लोखंडी पाइपनं गुडघ्याखाली मारायला सुरुवात केली. चौथ्या फटक्याला हाड कातडीतून बाहेर आलं, तरी तो थांबला नाही. बनाबाई छकुलीला खाली टाकून नवऱ्याच्या पायावर आडवी पडली. तेव्हा एक फटका तिच्या मनगटावर बसला. छकुली डोणीच्या पलीकडं बसून बघत होती, ती रडत नव्हती.

भीमानं मला पाहिलं. तो म्हणाला, "सर, तुमी सांगा ह्यास्नी."

त्याला वाटलं, मी त्याला वाचवायला आलो आहे.

मी म्हणालो, मारू नका, पोलीस येतायत. यापेक्षा एक शब्द जास्त बोललो नाही. एक शब्द पुरे होता, रणजित. तो माझ्या तोंडून निघाला नाही.

नंतर चौकीत तुझा पाय नऊ दिवस नुसता फडक्यानं बांधून ठेवला होता. हाड वाकडंच जुळलं. हे मला सूरजनं त्याच वेळी सांगितलं होतं. मी तेव्हा रणजितची ट्रंक भरत होतो.

चौदा महिने तू आत होतास. बारामतीच्या कोर्टात सरकारनं तुला फुकट नेमून दिलेल्या वकिलानं, तो तरुण पोरगा, टेप घेऊन बाभळीची फांदी मोजून आणली होती. पंचनाम्यातही ती होती, कुणी वाचली नव्हती. जमिनीपासून एकशे बहात्तर सेंटिमीटर. त्यानं तानूबाईला विचारलं, तो माणूस वाकला का? ती म्हणाली, वाकला. मग तुला पिंजऱ्यातून बाहेर उभं केलं. काठीला टेकूनसुद्धा तुला उभं राहता येत नव्हतं, पण तुझी जुनी उंची कागदावर होती. एकशे त्रेसष्ट सेंटिमीटरचा माणूस त्या फांदीखालून ताठ मानेनं जातो, त्याला वाकायचं कारण नाही. मला पुन्हा बोलावलं. मी म्हणालो, संध्याकाळची वेळ होती, अंदाजात चूक होऊ शकते. जज्जसाहेबांनी तुला सोडलं. मी तुझ्या बाजूला न बघता एसटी स्टँडवर गेलो.

गावानं तुला सोडलं नाही. लोक म्हणाले, झुंबर सरांची नजर चुकत नसते, पोरगं फांदीवर सुटलं. मी ते ऐकत होतो. तुम्ही घर मोडून बारामतीला गेलात तेव्हा मी शाळेच्या गच्चीवरून तुमचा टेम्पो पाहिला.

आता अलीकडचं.

बनाबाईचं पत्र आलं तेव्हा रणजित रजेवर यायचा होता. तो एक मार्चला आला. दुपारी जेवणं झाल्यावर मी ते पत्र त्याच्यासमोर आणि आईसमोर मोठ्यानं वाचलं. मग सांगितलं की मी इंदापूरला जाऊन खरा जबाब देणार आहे. त्याला वाटलं मी चेष्टा करतो. त्यानं पत्र मागितलं, मी दिलं नाही. मग त्यानं भिंतीवरचा पट्टा काढला.

पितळी बकलाच्या बाजूनं मारला. पहिल्यांदा तोंडावर, पुढचे दोन दात तिथंच पडले. मी खाली पडल्यावर पत्र माझ्या मुठीत होतं, ते सोडवायला त्यानं बुटाची टाच मुठीवर ठेवून भार दिला. बोटं तेव्हा मोडली. मी पत्र सोडलं नाही. हे शौर्य नव्हतं, मूठ उघडतच नव्हती. त्यानं माझ्या बरगड्यांत लाथा घातल्या. मारताना तो एकच बोलत होता, की तूच मला वाचवलंस, आता तूच मारतोस? त्याचा आवाज रडल्यासारखा होता. मी त्याच्याकडं खालून बघत होतो आणि मला गाळातले ते शेवटचे दोन घाव दिसत होते. बापूसाहेबांना शेवटी काय दिसलं असेल ते मला त्या दिवशी कळलं.

आई मधे आली. त्यानं तिला ढकललं, ती उंबऱ्यावर कपाळ आपटून पडली. रक्त बघून तो थांबला. पट्टा टाकून मोटारसायकलवर निघून गेला.

आईनं पदरानं कपाळ पुसलं, माझं तोंड धुतलं, आणि म्हणाली, "इंदापूरला मलाबी ने. शर्ट मी धुतलाय."

तिचं वय सहासष्ट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही तोंडं सुजलेली घेऊन आम्ही एसटीनं गेलो. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की मास्तर, यात तुम्ही स्वतः आरोपी ठरता, खोटी साक्ष, पुरावा लपवणं, कळतंय का? मी हो म्हणालो. मग आईला विचारलं. तिनं खुर्चीवर न बसता उभ्यानं सांगितलं, कुठल्या मोरीत, कुठल्या साबणानं, किती पाणी लागलं, सगळं. ती कुठं अडखळली नाही. त्यांनी तिचा अंगठा घेतला.

रणजितला पाच तारखेला त्याच्या लायनीतून ताब्यात घेतलं. वर्दी काढून घेताना त्यानं एका हवालदाराचं नाक फोडलं असं सूरज म्हणाला. मला शाळेनं निलंबित केलं आहे. वकील म्हणतो जामीन मिळेल, शिक्षाही होईल. सूरजनंही त्या सकाळच्या थांबलेल्या पेनाचा जबाब लिहून दिला. त्याची नोकरी जाईल की काय ठाऊक नाही.

सहा तारखेला बापूसाहेबांचे पुतणे आमच्या घरी आले. दार मोडलं, कौलं फोडली, कडब्याची गंज पेटवली. मला अंगणात ओढलं. मी हात वर केला नाही. थोरल्याच्या हातात तोच पाइप असेल का, हे मला कळलं नाही, पण पाइप होता. तेवढ्यात बापूसाहेबांची बायको सारजाबाई चालत आली. दोन वर्षांत ती आमच्या दारात आली नव्हती. ती पुतण्यांच्या मधे उभी राहिली आणि त्यांना म्हणाली, "एकदा चुकीच्या मानसाचा पाय मोडलासा. आता तरी कोर्टाला करू द्या."

मग माझ्याकडं वळली. मी तिला सांगितलं की बापूसाहेबांनी शेवटी रणजितचं नाव घेतलं होतं. दोन वर्षं तिला माहीत नव्हतं की नवरा काही बोलून गेला. ती अंगणात खाली बसली. म्हणाली, "मी रोज भीमाच्या लेकीला शाप दिला. दिवा लावताना दिला." उठताना तिनं माझ्या तोंडावर थुंकलं. मी पुसलं नाही.

भीमा, मी माफी मागत नाही. माफी मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागेल, हो किंवा नाही, आणि मी तुझ्याकडून बरंच घेतलं आहे. तुझा पाय मला परत करता येत नाही. तुझं नाव करता येतं का ते बघतो आहे, आणि तेही माझं मोठेपण नाही, तुझं तुला द्यायचं आहे.

तुला समन्स येईल. सोमवारी, ता. २३ ला, आम्हाला इंदापूरच्या कोर्टात हजर करणार आहेत. यायलाच हवं असं नाही. आलास तर आईजवळ किंवा माझ्याजवळ येऊ नकोस, आमच्याकडं बघायचीही गरज नाही. बनाबाई आणि छकुलीला बरोबर आण. सारजाबाई सकाळपासून तिथं असणार आहे. तिनं निरोप दिला आहे, तिच्याच शब्दांत लिहितो: भीमाला म्हणावं, बाकावर माज्या शेजारी जागा धरून ठिवते.

सहआरोपी,
झुंबर